सहा रिकामी भोकं

झिवोयिनने एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेला टेकवली आणि बोट ठेवून पुन्हा मोजायला सुरुवात केली. चौदा भोकं, आठ स्क्रू. काल मोजले तेव्हाही आठच होते, आणि रात्रीतून स्क्रूंना पिल्लं होत नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं. तरी मोजले. वर चार, खाली चार आणि सहा भोकं रिकामी. त्यातली चार तर अगदी हाड मोडलं होतं तिथेच, म्हणजे जिथे स्क्रूची खरी गरज तिथेच डॉक्टरने हात आखडता घेतला होता.

मोडलेली मांडी त्याच्या बायकोची, देसांकाची. जूनमध्ये आंबट चेरी काढायला ती शिडीवर चढली आणि शिडीसकट खाली आली. डाव्या मांडीचं हाड मधोमध तीन ठिकाणी तुटलं. शस्त्रक्रिया करून डॉक्टरांनी हाडाला बाहेरून लांब पोलादी पट्टी बसवली, दहा दिवसांनी घरी सोडलं आणि वर सांगितलं की उद्यापासून पायावर भार द्यायचा. आधी थोडा, मग दर आठवड्याला वाढवत. किती भार ते घरातल्या वजनकाट्यावर पाय दाबून बघायचं.

झिवोयिनने एकतीस वर्षं डॅन्यूब आणि सावा या नद्यांवरच्या पुलांचे बोल्ट तपासले होते. बारक्या हातोडीने ठोकायचं, कान द्यायचा, आवाज बद्द आला की बोल्टभोवती खडूने गोल काढायचा. रिकामं भोक दिसलं तर मात्र फुली, आणि मग त्या पाळीच्या मुकादमाची खैर नसे. रिकाम्या भोकाचा अर्थ त्याच्या लेखी एकच होता. कोणीतरी काम चुकवलंय, नाहीतर बोल्ट घरी नेलाय. त्याच्या हयातीत तिसरा अर्थ निघाला नव्हता.

आता माणूस डॉक्टरकडे जाताना कॉफीचं पाकीट आणि घरी गाळलेल्या राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली घेऊन जातो, हे पान्चेवो गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. झिवोयिन गेला होता हात हलवत. नोकरीत कधी कोणाची बाटली घेतली नाही, मग देऊ कशाला, हा त्याचा ताठा. आणि आता तोच ताठा बायकोच्या मांडीत सहा भोकं होऊन बसलाय, अशी त्याची खात्री पटली. मनातून तो हादरला. चूक त्याची आणि लंगडायचं तिने.

म्हणून ताठा गुंडाळून ठेवून तो तळघरातली नऊ वर्षांची जुनी राकिया घेऊन रुग्णालयात गेला. डॉक्टर रास्त्को पस्तिशीचा, चेहऱ्याने त्याहून पोरगेला. त्याने बाटलीकडे पाहिलं, हसला आणि ती परत झिवोयिनच्या पिशवीत ठेवली. इथेच कुठेतरी पाणी मुरतंय हे झिवोयिनने ओळखलं. स्वच्छ मनाचा माणूस बाटली घेतो. जो घेत नाही त्याला पुढे जबाब द्यायची भीती असते.

फिल्म पुढे करून त्याने सरळ विचारलं, की बाकीचे सहा कुठायत.

रास्त्को चिडला नाही. त्याने टेबलावरून कागदाला लावायची तारेची पिन उचलून सरळ केली. दोन चिमटी अगदी जवळजवळ धरून तार इकडे-तिकडे वाकवली. सात-आठ वेळांत ती कट्कन तुटली. मग दुसरी पिन घेऊन दोन्ही टोकांना धरली आणि तेवढीच वाकवत राहिला. ती नुसती डुलत राहिली.

"मधली भोकं भरली असती काका, तर सगळा वाक एकाच जागी आला असता. पट्टी तिथे तुटली असती. मोकळी ठेवली म्हणून वाक लांबवर पसरतो."

"म्हणजे पट्टी वाकते," झिवोयिन म्हणाला. त्याला तेवढंच ऐकू आलं होतं.

"केसभर. वाकायलाच हवी. तुटलेली टोकं एकमेकांपाशी जराशी हलली तर हाडाला जाग येते, नवं हाड धरतं. तुम्ही पुलाचं एक टोक सरकायला फिरत्या रुळांवर मोकळं ठेवता ना?"

"पूल बरा होत नाही, डॉक्टर."

"तेच तर. पूल पन्नास वर्षं टिकवायचा असतो. ही पट्टी हाड जुळेपर्यंत टिकली की झालं. काकूंना चालवा. पडून राहिल्या तर हाड झोपेल, आणि जे झोपलं ते जुळत नाही. मग मला पुन्हा उघडावं लागेल."

बोलणं गोड, तारेचा खेळही छान. पण झिवोयिनने असे खेळ पुष्कळ पाहिले होते. फुली पडली की प्रत्येक मुकादम असाच काहीतरी शास्त्रार्थ सांगायचा. परतताना बसमध्ये त्याने हिशेब मांडला. आठ स्क्रूंवर चौऱ्याहत्तर किलोंची बाई उभी करायची आणि पट्टी वाकेल म्हणून आनंद मानायचा? घरी आल्याआल्या त्याने वजनकाटा उचलला आणि तळघरात बटाट्यांच्या पोत्यामागे ठेवला. देसांकाला सांगितलं की डॉक्टर अजून पोर आहे, त्याचं ऐकायचं नाही. पलंग आणि चाकांची खुर्ची, एवढंच. पाय जमिनीला लावायचा नाही.

"आणि हाड जुळलं नाही तर?" तिने विचारलं.

"पट्टी तुटली तर?" त्याने विचारलं.

संसार चव्वेचाळीस वर्षांचा होता, आणि त्यात कशावर किती भार टाकायचा ते नेहमी झिवोयिनच ठरवत आला होता.

दिवस गेले. एकदा दुपारी ती डोळे मिटून पडली असताना त्याने तिच्या मांडीवर बोटाने हळूच टिचकी मारली आणि कान लावला. लोखंड असतं तर त्याला कळलं असतं. तिथे नुसतं उबदार मांस होतं. त्याला एकदम रडू आल्यासारखं झालं. तो तसाच वाकलेला राहिला.

"काय म्हणतेय पट्टी?" डोळे न उघडता देसांकाने विचारलं.

"काही नाही. झोप," तो म्हणाला.

ऑगस्ट सरता सरता मात्र त्याला वेगळाच वास यायला लागला. समोरच्या दारातली शेजारीण कोसारा, एका कारखान्याच्या खानावळीतून निवृत्त झालेली बाई, आवाज असा की तीन मजले ऐकतील. ती जुलैपासूनच रोज सकाळी, झिवोयिन बाजारात निघाला की येई आणि देसांकाला खुर्चीसकट आपल्या घरी नेई. आता निमित्त होतं ऐवारचं, म्हणजे हिवाळ्यासाठीच्या ढोबळ्या मिरच्यांच्या चटणीचं. ऐवार घालायचाय, भाजलेल्या मिरच्या सोलायला दोन हात जास्तीचे हवेत, म्हणे. ऐवार सगळेच घालतात, त्यात काही नाही. पण भाजलेली मिरची सोलली की नखं आठवडाभर काळी राहतात, आणि देसांकाची नखं लख्ख होती.

हे एकदा दिसल्यावर बाकीचं आपोआप दिसायला लागलं. देसांका परत यायची ती घामाघूम, गाल लाल. मिरच्या सोलून कोणाला घाम येतो? एक दिवस तो बाजारातून लवकर परतला तर कोसाराच्या दारामागे रेडिओ छप्पर उडेल एवढा मोठा. त्याने दार वाजवलं. उघडायला बराच वेळ लागला. देसांका खुर्चीत बसलेली, धापा टाकत.

"काय शेजारीबुवा, बायको पळाली की काय वाटलं?" कोसारा म्हणाली. "एका पायाने कुठवर जाईल बिचारी."

ती हसली, पण देसांका हसली नाही. झिवोयिनने आडून विचारलं, सरळ विचारलं, पण दोघी ताकास तूर लागू देईनात. तेव्हा त्याने एकच अर्थ काढला आणि त्याची पाचावर धारण बसली. पाय बिघडलाय. आत काहीतरी सैल झालंय, तिला वेदना होतायत, आणि कोसारा कोबीची पानं आणि राकियाचे शेक देऊन ते लपवतेय. म्हणजे त्याचं म्हणणं खरं ठरत होतं. यात त्याला जराही आनंद नव्हता.

बारा आठवड्यांनी तो तिला खुर्चीतून तपासणीला घेऊन गेला. एक्स-रे झाला. रास्त्कोने फिल्म दिव्यावर लावली आणि झिवोयिनला जवळ बोलावलं. पट्टी सरळ होती. आठही स्क्रू जागच्या जागी होते. आणि रिकाम्या भोकांसमोर, तुटलेल्या तुकड्यांभोवती, एक पांढुरका फुगवटा आला होता, मळून ठेवलेल्या कणकेसारखा.

"हे नवं हाड," रास्त्को म्हणाला. "काका, शंभरात दहा पेशंट इतकं नेमाने चालतात. आता कुबड्यांवर चालायचं, खुर्ची बंद."

"ती चाललेलीच नाही," झिवोयिन म्हणाला. "मी पाय टेकू दिला नाही. काटासुद्धा तळघरात आहे."

डॉक्टरला वाटलं म्हाताऱ्याने विनोद केला. "पडून राहून हे होत नाही, काका," असं म्हणून तो कागदावर काहीतरी लिहायला लागला. झिवोयिनने देसांकाकडे पाहिलं. ती आपल्या हातांकडे पाहत होती.

बाहेरच्या बाकावर दोघं बसली. खुर्ची परत करून झाली होती. नव्या कुबड्या तिच्या गुडघ्यांवर आडव्या होत्या.

"कोसाराकडे?" त्याने विचारलं.

"रोज. भिंतीपासून खिडकीपर्यंत. काटाही तिचाच. पहिल्या दिवशी दहा किलो, मग वीस. आता सगळा भार."

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"आणि तू ऐकलं नसतंस."

"ऐकलं असतं," देसांका म्हणाली. "म्हणून तर सांगितलं नाही."

हिला पट्टीची भीती वाटली नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं, आणि तसं तो म्हणालाही.

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून पाहिलं. "वाटली नाही? झिवोयिन, तू बोल्टांबद्दल कधी चुकला नाहीस. तू म्हणालास पट्टी तुटेल, म्हणजे तुटेलच, असं धरून मी रोज पाऊल टाकत होते. रोज. रेडिओ कशाला मोठा लावायचा? मी ओरडायचे म्हणून. दुखत नव्हतं तरी ओरडायचे. आणि हात धरायला कोसारा. पावला-पावलाला मला वाटायचं, हा हात त्याचा असायला हवा होता."

अडीच महिने झिवोयिन बाजारात काकड्या निवडत होता, दाबून, हुंगून, एकेक उलटून बघत. माफी मागावी असं त्याला वाटलं. पण मागायची कशी हे माहीत नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती.

रुग्णालयाच्या दारापुढे सात पायऱ्या होत्या. देसांका उठली, दोन्ही कुबड्या एका बगलेत घेतल्या आणि पहिल्या पायरीच्या कडेला थांबली. झिवोयिन एक पायरी खाली उतरला, वळला आणि त्याने हात पुढे केला.

तिने त्या हाताकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे, नीट, निरखून, हा आता आधार देईल की मागे ओढेल ते जोखत. आणि तिने कठडा धरला.