पेटवायची राहिलेली मेणबत्ती

मेणबत्तीची वात अजून पांढरीच होती. मरियामाउलीच्या तसबिरीपुढची धूळ पुसता पुसता प्रिस्काचं बोट तिला लागलं आणि तिथंच थांबलं — रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परतताना आणलेली ही मेणबत्ती, सोमवारी पहाटे पाचूबंदरातून नवऱ्याची, मार्सेलची होडी सुटली, आज गुरुवार... म्हणजे तीन संध्याकाळी आपण ती पेटवलीच नाही?

तीस वर्षांचा नेम. होडी समुद्रात असेपर्यंत दिवेलागणीला मेणबत्ती, आणि तिच्याबरोबर छातीत पडणारा तो खड्डा — ढग दिसला की ढगाचा, फोन लागला नाही की फोनचा, काहीच नसलं तर काहीच नसल्याचा. दम्यानं ठाण मांडल्यावर तर भीतीनं धाप लागते की धापेनं भीती, हे तिलाही कळेना आणि डॉक्टरांनाही. म्हणून तर त्यांनी तिला एका औषधाच्या अभ्यासात घेतलं. दम्याचे जुने रोगी, रोज एक गोळी. काहींना भीती कमी करणारी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कुठली, ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही.

"तुला खोटीच मिळनार बघ," मार्सेल हसला होता.

खोटी कसली! सहा आठवडे ती गाढ झोपत होती. धाप लागायची ती जिना चढताना, अंथरुणात नाही. शेजारची मार्था म्हणाली, चेहरा उजळलाय तुझा. आणि आता ही वात.

तिनं भीतीची वाट पाहिली. मुद्दाम खिडकीतून समुद्राकडे पाहिलं, मार्सेल अजून यायचाय असं स्वतःला बजावलं — खड्डा पडेना. तिला लाज वाटली. तीस वर्षं मी त्याला जपलं ते काय या धडधडीनं? आणि ती एका गोळीनं गेली, तर त्याच्यासाठी माझ्यापाशी उरलं काय?

चार वाजता ऋतिका आली. अभ्यासाचे फॉर्म भरून घेणारी मुलगी, नायगावच्या टॉवरमध्ये राहणारी. दर पंधरा दिवसांनी तेच प्रश्न.

"मावशी, गेल्या आठवड्यात किती दिवस भीती वाटली?"

"एकपन नाय."

"भारी! आज शेवटचा फॉर्म हां. यापुढे हवी त्याला खरी गोळी मिळणार. तुमचं हो लिहू?"

"मेनबत्ती इसरली मी."

ऋतिकाचं पेन थांबलं. "विसरायला होतं? मग ते साइड इफेक्टमध्ये टाकू?"

प्रिस्काला हसू आलं. कशाकशात टाकशील, पोरी? ती उठली. दिवेलागणीला अजून अवकाश होता, तरी तिनं काडी ओढली. एरवी भीतीनं तीन-चार काड्या वाया जायच्या. आज पहिल्याच काडीला वात पेटली. एरवीसारखं घाईघाईनं मागणं मागून पाठ न फिरवता ती ज्योतीकडे बघत राहिली. तो बुडाला तर नसेल, हे मनात आलंच नाही. आलं ते त्याचं बशीतला चहा फुंकणं, जाळं शिवताना दातांत धरलेला दोरा, सोमवारी पहाटे "येतो" म्हणून दारात क्षणभर थांबलेली त्याची पाठ... आणि तिच्या ध्यानात आलं, तिला मार्सेलची आठवण येत होती. नुसती आठवण. इतकी वर्षं भीतीच्या गर्दीत त्या आठवणीला बसायलाही जागा मिळाली नव्हती.

डोळे भरून आले. हे गोळीनं दिलं, की गोळीनं फक्त वाट मोकळी केली... आणि उद्यापासून गोळी नको म्हटली, तर?

"मावशी, काय लिहू?"

"बस गो जरा, च्या ठेवते," प्रिस्का म्हणाली. ओट्यावर तिनं तीन कप मांडले. तिसरा चुकून मांडला गेला हे तिला कळलं, पण तिनं तो उचलला नाही.