गुरुवारचे बोंबील

चाळीतल्या सगळ्या मांजरींच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं, एक ठमी सोडून. कापलेला कान म्हणजे नसबंदी झाल्याची खूण. परळच्या त्या चाळीत हे काम रश्मी कांबळेने अंगावर घेतलं होतं. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती आणि एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसायची. पण मांजरी पोत्यात भरून वडाळ्याला सोडून यायचं ठरत होतं, तेव्हा ती कमिटीच्या सभेत उठून उभी राहिली. या गेल्या तर मोकळ्या जागेत दुसऱ्या येतील, ऑपरेशनं करून इथेच ठेवल्या तर वाढणार नाहीत, असं तिने सांगितलं. सेक्रेटरी गणपत शेलारांनी ते मानलं, पण एका अटीवर. जिन्याखाली पुन्हा पिल्लं दिसली की पोती निघणार.

राहिली होती एकटी ठमी. आणि ठमी सखूबाईंची, असं चाळ म्हणायची.

हे रश्मीला खुपायचं. ठमी पिल्लू असताना गटाराजवळ सापडली, तेव्हा तिचे डोळे पुवाने चिकटलेले होते. तिला टॉवेलात गुंडाळून, मांडीत दाबून, सकाळ-संध्याकाळ थेंब घातले होते ते रश्मीने. डोळे उघडले. उघडल्या डोळ्यांनी मांजरीने रश्मीला नीट पाहून घेतलं आणि पळ काढला, तो थेट दोन खोल्या सोडून सखूबाईंच्या दारात. सखूबाई कोळीण, वरळीहून मुलाकडे राहायला आलेल्या, रोज सकाळी बाजारात मासळी विकायला बसायच्या. दुपारी परतताना त्यांच्या टोपलीच्या तळाशी दोन मांदेल्या ठमीसाठी असायच्या. नावही त्यांनीच ठेवलेलं. रश्मी मांजरीला तिरंगी म्हणायची, पण त्या नावाला मांजर कधी वळली नाही.

टॉवेल आणि थेंब म्हणजे त्रास, मांदेली म्हणजे सुख. प्राण्याचं मन असंच शिकतं, यात कृतघ्नपणा काही नाही, हे रश्मीला पक्कं माहीत होतं. तरी गॅलरीतून जाताना सखूबाईंच्या मांडीवर पसरलेली ती मांजर दिसली, की तिची पावलं उगाच भराभर पडायची.

नसबंदी करणाऱ्या संस्थेची गाडी शुक्रवारी सकाळी येणार होती. शुक्रवार रश्मीने विचार करूनच मागितला होता. गुरुवारी चाळीत बहुतेक घरी मासळी शिजत नाही, म्हणजे मांजर आपोआप उपाशी राहणार. भुकेली मांजर पिंजऱ्यात शिरते, आणि भुलीच्या आधी पोट रिकामं लागतंच. गुरुवारी दुपारी तिने सखूबाईंना जाऊन हे बजावलं. आतापासून काहीही घालू नका, एक शेपटीसुद्धा नाही. सांगताना आपला आवाज गरजेपेक्षा कडक लागतोय हे तिला कळत होतं, आणि बरंही वाटत होतं.

सखूबाईंनी मांडीवरच्या ठमीला खाली ठेवलं. "रडंल गं ती दाराशी," एवढंच म्हणाल्या. मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

ठमी खरंच रडली. तिन्हीसांजेपर्यंत त्या बंद दारासमोर बसून ओरडत राहिली. आणि मग ओरडणं थांबलं.

रश्मीच्या घरात गुरुवार पाळत नसत. उलट त्या दिवशी मासळीला गिऱ्हाईक कमी, म्हणून तिचा नवरा अमित दादरहून येताना हमखास ताजे बोंबील आणायचा. तिने रवा लावून तव्यावर टाकले, आणि पोटरीला काहीतरी मऊ लागलं.

रश्मी हललीच नाही. मांजरीने एकदा अंग घासलं, वळून पुन्हा घासलं, शेपटी तिच्या पायाभोवती फिरवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग वर बघून तोंड उघडलं, आवाज न करता.

सकाळपर्यंत जिरेल, रश्मीने स्वतःला सांगितलं. इवलासा तुकडा, त्याचं काय एवढं. तिने तो फुंकर घालून निववला आणि बोटांवरच धरला. खरबरीत जीभ बोटाला लागली. मग दुसरा तुकडा. अमित जेवायला बसला तेव्हा ताटलीत त्याच्यापुरतेच बोंबील उरले होते. सकाळी डोळे उघडले तेव्हा मांजर तिच्या पायपुसण्यावर झोपलेली होती, आणि रश्मी चहा न करता किती तरी वेळ तिच्याकडे बघत बसली.

गाडी आली. गाडीवरच्या वसंतने गॅलरीत पिंजरा मांडून आत सुकट ठेवली. ठमीने हुंगून पाहिलं आणि बाजूला बसून पंजा चाटायला लागली.

"कुणीतरी चारलंय हिला," वसंत म्हणाला.

शेलारांनी सखूबाईंकडे पाहिलं. गॅलरीतल्या सगळ्यांनीच पाहिलं. शुक्रवार म्हणजे धंद्याचा दिवस, पण सखूबाई बाजारात गेल्या नव्हत्या. दारात उभ्या होत्या, डोळे सुजलेले.

"मी नाय घातलं," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात काल चूलच नाय पेटली. वास गेला असता तिला."

शेलार म्हणाले, आजी, ही सापडली नाही तर पिल्लं होणार, आता तुमच्याचमुळे पोती काढावी लागणार बघा. गुडघ्यावर हात टेकत सखूबाई पिंजऱ्यामागे खाली बसल्या, जाळीवर नखाने टकटक केलं आणि हळूच ठमीला हाक मारली. ठमी उठली. पोट भरलेलं असूनही ती चालत आत गेली आणि जाळीला नाक लावून बसली. पिंजऱ्याचं दार पडलं.

रश्मी जाळीकडे बघत राहिली. भरल्या पोटीसुद्धा गेली. नुसत्या हाकेवर.

वसंतने पिंजऱ्यावर चादर टाकली. "आजी, नक्की काही खाल्लं नाही ना? आज भूल देणार. पोटात असलं तर उलटी होते, फुप्फुसात जाते. जीव जातो."

"एक कण नाय," सखूबाई म्हणाल्या.

रश्मीने गॅलरीचा कठडा धरला.

"खाल्लंय," ती म्हणाली. "काल रात्री. माझ्याकडे."

मग वसंत म्हणाला, बरं झालं सांगितलंत मॅडम, जोखीम नको, आज नुसती ठेवून घेतो, ऑपरेशन उद्या करू. शेलारांनी मान डोलावली आणि ते खाली गेले.

सखूबाई अजून जमिनीवरच होत्या. शिव्या देतील म्हणून रश्मी थांबली. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथे जे होतं ते रश्मीने लगेच ओळखलं. गॅलरीतून भराभर जाताना ते रोज तिच्याबरोबर असायचं.

"तुझ्याकडं आली?" सखूबाईंनी विचारलं. "आपणहून?"

"हो."

"काय घातलंस?"

"बोंबील. तळलेले."

सखूबाईंनी चादरीची कड नीट केली. "तळलेलं नाय आवडत तिला," त्या म्हणाल्या.

मावशी, दार बंद होतं म्हणून आली ती, असं रश्मीला म्हणता आलं असतं. खरंही तेच होतं.

"सगळे खाल्ले," रश्मी म्हणाली.