सोमवारचा ग्रह

हे घडलं सत्त्याण्णव साली. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते. ताऱ्यांचा प्रकाश फोडून बघणारं आमचं यंत्र, वर्णपटमापक, सुरू होऊन वर्ष झालं होतं. आराखडा माझा, हात केसभरमामांचे. मामा आमचे फिटर. कुठलाही भाग हातात घेतला की विचारायचे, "केसभर घासू का?" म्हणून ते नाव.

यंत्र तळघरात होतं. खोलीच्या आत खोली, तिच्यात निर्वात टाकी. ग्रह भोवती फिरत असला की तारा किंचित डुलतो आणि वर्णपटातल्या रेघा तितक्याच किंचित सरकतात. पण खोली अंशाच्या शंभराव्या भागानं तापली तरी त्या सरकतातच. मग डुललं कोण, तारा की टाकी? म्हणून आतल्या खोलीत कोणी जायचं नाही, असा नियम मीच दारावर चिकटवला होता. किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक मामांकडे.

त्या उन्हाळ्यात एक तारा डुलताना सापडला. दर सात दिवसांनी. संचालक हरखले, दोन महिन्यांत जाहीर करू म्हणाले. घरी सांगितलं, तर आमचे हे, भूगोलाचे मास्तर, चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "बरोबर सात? मग तुझ्या ग्रहाला रविवारची सुट्टीही असेल."

मी हसले, पण ते डोक्यातून जाईना. आठवडा माणसांचा, ताऱ्यांना त्याचं काय? आणखी दोन तारे काढून बघितले. तेही सात दिवसांनीच डुलत होते. म्हणजे आत कोणीतरी जात होतं.

आणि किल्ली असलेला दुसरा माणूस एकच होता. मग मला सगळं दिसायला लागलं. मी जिन्यावरून उतरले की मामा कागदाची गुंडाळी कोटाच्या खिशात सारायचे. काय चाललंय विचारलं, तर "काही नाही, बाई" म्हणून बूट पुसत बसायचे. शेवटी मी संचालकांच्या कानावर घातलं. त्यांनी मामांची किल्ली काढून घेतली. महिनाभर बघू, खरं निघालं तर पंपघरात बदली, म्हणाले. ज्या माणसाची बोटं केसाची जाडी सांगायची, त्याला पाण्याचे नळ बसवायला. मामांनी किल्ली टेबलावर ठेवली, एक अक्षर बोलले नाहीत. मला तेही संशयास्पदच वाटलं.

पुढचे तीन आठवडे तारे डुलतच राहिले. मामांनी दुसरी किल्ली करून घेतली असणार, अशी माझी खात्री झाली. मी तक्रार लिहायला बसले, तेवढ्यात तेच आले आणि ती गुंडाळी माझ्यासमोर उलगडली.

"आतल्या तापमापकाची वायर मी बाहेर काढलीय. पेन ह्या कागदावर रात्रंदिवस रेघ ओढतं. माझी किल्ली गेल्यानंतरची ही तीन टेकाडं. तिन्ही सोमवारची, सकाळी साडेनऊची."

सोमवारी साडेनऊला मीच आत जात होते. मामांनी टाकीच्या झाकणाचे बोल्ट नीट आवळलेत ना, हे चाचपायला. वीस मिनिटं, हातात दिवा घेऊन. ते जाणं मला जाणं वाटलंच नव्हतं. ती तपासणी होती.

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हीच बोल्ट सैल करून माझ्यावर ढकलायच्या बेतात आहात. पक्कं होईपर्यंत गप्प बसलो." गुंडाळी नीट करत ते म्हणाले, "तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

लिहिलेला कागद फाडून मी ती गुंडाळी घेऊन संचालकांकडे गेले आणि माझा ग्रह माझ्याच हातानं पुसला. परत येताना मामांची किल्ली घेऊन आले.

संचालक वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. निवृत्तीनंतर त्यांनी मधमाश्या पाळल्या. आमचे हे जाईपर्यंत पाहुण्यांना माझी ओळख 'सोमवारचा ग्रह शोधणारी' अशीच करून देत. त्या ताऱ्याभोवती अजून कोणाला काही सापडलेलं नाही. मामा पंपघरात गेले नाहीत. पुढे आम्ही दुसरं यंत्र बांधलं, त्याच्या खोलीला त्यांनी असं कुलूप केलं, की दोघांच्या किल्ल्या एकदम फिरवल्याशिवाय उघडायचं नाही. नऊ वर्षांत ते एकदाच उघडलं. मामा गेले तेव्हा त्यांच्या मुलीनं त्यांची किल्ली मला आणून दिली. आता दोन्ही माझ्याच कपाटात आहेत, आणि ते काही मला बरं वाटत नाही.