डाव्या हाताचा ब्रेक

माझ्या रॉयसला जगातल्या प्रत्येक माणसाला प्रश्न विचारता येतो, फक्त आईला नाही. बापाची शर्यतीची गाडी पुन्हा जशीच्या तशी बांधायची म्हणून चार वर्षं हा मुलगा दारोदार हिंडला. कॉम्प्युटरवर ओहायोच्या कुणा दाढीवाल्याला विचारलं. एका नळीची जाडी मोजायला विमानानं टल्साला जाऊन आला. त्याच्या बापाबरोबर, थर्मनबरोबर, कधी काळी बिअर प्यालेले, आता स्वतःच्या बायकोचं नाव न आठवणारे म्हातारे गाठून त्यांच्यापुढे वही उघडून बसला. आणि त्याच्या वर्कशॉपपासून चाळीस पावलांवर मी, त्याची आई, पडवीत चवळीच्या शेंगा सोलत बसलेली. माझ्याकडे तो फक्त जेवायला यायचा.

माझी शाळा पाचवीतच सुटली. कापूस वेचायला आला की तो कुणाच्या परीक्षेसाठी थांबत नाही. पण त्या गाडीबद्दल मला जेवढं ठाऊक होतं तेवढं आख्ख्या कर्न परगण्यात जिवंत कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तीन हंगाम ती मी ढकलली.

ढकलली म्हणजे हातांनी नव्हे. या गाड्यांना स्टार्टर नसतो. वजन वाढायला नको म्हणून बसवतच नाहीत. मागून पिकअप आणायचा, त्याच्या बंपरवर जुन्या टायरचा तुकडा खिळ्यांनी ठोकलेली फळी असते, ती गाडीच्या पाठीला हळूच टेकवायची, आणि दोघांनी मिळून वेग धरायचा. गाडीतला माणूस तेलाच्या काट्याकडे बघतो. काटा वर आला की तो हात उंचावतो आणि बटण दाबतो. इंजिन खोकतं, पुन्हा खोकतं, मग पेटतं, आणि तेव्हा ढकलणाऱ्यानं मागे सरायचं. आमच्या काळी निम्म्या गाड्यांच्या मागे बायकाच असायच्या. नवऱ्याला मागून ढकलल्याशिवाय तो सुरू होत नाही, हे आम्हाला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच कळलेलं असायचं.

थर्मननं गाडीचं नाव ठेवलं होतं 'लाथाळ खेचर'. ते गाडीला ठेवलं की मला, हे त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. रॉयस तीन वर्षांचा असताना ती विकावी लागली. घेणाऱ्यानं ती महिन्याभरात कालव्यात घातली आणि भंगारात दिली. थर्मन एक्क्याण्णव साली गेला. मागे राहिला एक फोटो: नुसता नळ्यांचा सांगाडा, इंजिन बसायचंय, रंग लागायचाय, नाव लिहायचंय, आणि शेजारी टोपी मागे सारून उभा असलेला माझा नवरा.

त्या फोटोवरून रॉयसनं गाडी उभी केली. कामाला नावं ठेवणार नाही. वेल्डिंग असं की बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. ऑक्टोबरात फॅमोसोच्या शर्यतीच्या पट्टीवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. सूर्य बुडताना त्या एकामागून एक ढकलत आणतात आणि लोकांसमोर पेटवतात. शर्यत नसते, नुसती गर्जना आणि ज्वाळा. त्यात रॉयसच्या गाडीचा नंबर लागला होता, आणि मला एवढंच हवं होतं की तिच्या मागच्या पिकअपमध्ये मी असावं. एकोणऐंशी वर्षांची आहे मी. पुन्हा कधी मिळणार?

मला वाटलं होतं, विचारेल. त्यानं वेंडेलला विचारलं.

वेंडेल त्याचा मित्र. माणूस चांगला आहे, पोहण्याचे हौद बांधतो. पण त्याचा नवा पिकअप एवढा उंच की आत चढायला शिडी लागावी.

आणखी एक गोष्ट होती, ती मी पोटात ठेवली होती. पहिल्याच वर्षी जेवणाचा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये गेले तेव्हा दिसलं की ब्रेकचा दांडा त्यानं बैठकीच्या उजवीकडे लावलाय. थर्मनच्या गाडीला तो डावीकडे होता. फोटोतही डावीकडेच आहे. मी नुसतं म्हटलं, "फोटो नीट बघितलास का?"

"फोटो उलटा छापलाय, आई," रॉयस म्हणाला. "ब्रेक उजवीकडेच असतो, सगळ्या गाड्यांना. ओहायोचा माणूस म्हणाला, निगेटिव्ह पालथी पडली असणार."

"बरं," म्हटलं मी, आणि डबा ठेवून आले. ओहायोला कळतं तर ओहायोनंच जेवण पाठवावं. शिवाय डावीकडे का, हे सांगायचं तर थर्मनला दिलेला शब्द मोडावा लागला असता. म्हणून गप्प बसले, आणि दर महिन्याला ती चूक क्रोम होताना, पॉलिश होताना बघत राहिले.

सप्टेंबरात एका शनिवारी सकाळी बदामाच्या बागेलगतच्या रस्त्यावर पहिली चाचणी झाली. मी खुर्ची घेऊन रस्त्याच्या कडेला बसले. कुणी बोलावलं नव्हतं, पण रस्ता सरकारी आहे.

वेंडेलनं मागून टेकवलं ते धाडकन. रॉयसची मान कोंबडीसारखी पुढेमागे हलली. वेग धरला, रॉयसनं हात वर केला, इंजिन एकदा खोकलं, आणि वेंडेल लगेच मागे सरला. गाडी गप्प. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा रॉयस उतरला आणि त्यानं हेल्मेट गवतात फेकलं.

"वेंडेल," मी हाक मारली, "पहिल्या कळेला सुईण घरी जाते का रे?"

"काय म्हणालात, ओलेटाबाई?"

"पहिल्या खोकल्याला घाबरून पळतोस. अजून दोन येऊ द्यायचे. आणि तो हत्ती घरी ठेव, बंपर खाली पाहिजे. ऊठ तिथून, मी दाखवते."

वेंडेल बिचारा खरंच उतरायला लागला. रॉयस मध्ये आला. "आई, नको. तुझं वय बघ."

"वय मी रोज बघते, आरशात. डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. तुझ्या कपाळावरची माशी दिसतेय मला."

"तुला काही झालं तर?"

"तू पोटात होतास तेव्हा ढकलत होते. सातव्या महिन्यापर्यंत. तेव्हा तुला काही झालं का?"

वेंडेल हसला. रॉयसनं त्याच्याकडे बघितल्यावर थांबला.

"हे बघ आई," रॉयस समजावणीच्या सुरात म्हणाला, डॉक्टर बोलतात तसा, "मला सगळं जसं होतं तसंच करायचंय. तू कधीतरी ढकलली असशील, पण मी इतक्या लोकांना विचारलं, कुणीच तुझं नाव घेतलं नाही. एका फोटोतही तू नाहीस."

सणसणीत लागलं मला ते. खुर्चीतून उठले.

"काढ तो फोटो."

फोटो त्याच्या वहीत होता, प्लास्टिकमध्ये. मी तो त्याच्या नाकासमोर धरला.

"हा कुणी काढला?"

त्यानं प्लास्टिक उलटून मागची बाजू बघितली.

"मी काढला. फोटो काढणारी फोटोत कशी दिसेल, गाढवा? आता हा सदरा बघ. हा कुणी शिवला? मी. पिठाच्या पोत्याच्या कापडाचा. पुरुषाच्या सदऱ्याला खिसा कुठं असतो?"

रॉयसनं आपोआप स्वतःच्या छातीवर हात नेला. डाव्या बाजूला.

"आणि बटणांची पट्टी कुठली वर येते?"

"डावी."

"फोटोत?"

तो वाकून बघू लागला. वेंडेलही वाकला. सिगारेटचं पाकीट डाव्या खिशात होतं, डावी पट्टी उजवीवर होती, वरून तिसरं बटण तुटलेलं होतं. चार वर्षं सगळ्या शहाण्यांनी नळ्या बघितल्या. सदरा कुणी बघितला नाही.

"फोटो सुलटा आहे," वेंडेल हळूच म्हणाला.

रॉयस रस्त्यातच खाली बसला. "म्हणजे ब्रेक डावीकडे होता. पण का? डावीकडे कुणीच लावत नाही."

इथं मी थांबले. सत्तावन्न वर्षं सांभाळलेला शब्द होता. पण ज्याला दिला तो चोवीस वर्षं ओइलडेलच्या दफनभूमीत आहे आणि त्याची नोकरी आता कुणी काढून घेणार नाही.

"त्याचा उजवा खांदा गेलेला होता," मी म्हटलं. "अठ्ठावन्न साली, तेलाच्या विहिरीच्या मनोऱ्यावरून पडला. हात कोपरापुढं चालायचा, पण वर उचलता येत नसे, जोरानं ओढता येत नसे. खांदा बरा झालाच नाही हे कंपनीला कळलं असतं तर घरी बसवलं असतं. शर्यतीच्या तपासनिसांनी तर गाडीला हातच लावू दिला नसता. म्हणून ब्रेक डावीकडे. कुणी विचारलं की म्हणायचा, मी आहेच उलट्या खोपडीचा. मला शप्पथ घातली होती, कुणाला बोलायचं नाही. पोराला सुद्धा."

रॉयसनं फोटोतल्या उजव्या खांद्यावर बोट ठेवलं.

"म्हणून माझ्याशी कधी बॉल खेळला नाही," तो म्हणाला.

मला हे ठाऊक नव्हतं. म्हणजे थर्मन खेळत नसे हे ठाऊक होतं, पण पोरगं पंचावन्न वर्षांचं होईपर्यंत ते मनात धरून बसलं होतं, हे नव्हतं.

"पडवीत बसून तुला बघायचा," मी म्हटलं. "तू भिंतीवर बॉल मारायचास आणि तो मोजायचा. मला येऊन आकडा सांगायचा. एकदा दोनशे अकरा झाले होते."

वेंडेल उगाचच पिकअपकडे टायर बघायला गेला. म्हटलं ना, माणूस चांगला आहे.

त्या रात्री रॉयस जेवायला आला तो वही घेऊन. चवळी आणि मक्याचा पाव खाल्ला, ताट बाजूला सारलं, पेन्सिल काढली आणि म्हणाला, "सांग." मी सांगितलं. बैठकीखाली घोंगडीची घडी होती ते सांगितलं. नाव पांढऱ्या रंगानं नव्हे, दाराच्या उरलेल्या पिवळट रंगानं लिहिलं होतं ते सांगितलं. एका जागी त्यानं मला थांबवून विचारलं, "फळी किती उंचीवर होती?" मी उभी राहिले आणि गुडघ्यावर हात ठेवून दाखवलं. त्यानं टेप लावून माझा गुडघा मोजला.

ब्रेक डावीकडे न्यायला तीन आठवडे लागले. चार वर्षं गुळगुळीत केलेला सांधा त्यानं करवतीनं कापला. वेंडेलनं कुठूनसा त्रेपन्न सालचा शेवरले पिकअप आणला, हिरवा, आमचा होता तसाच. फळी त्यानंच ठोकली.

मेळ्याच्या दिवशी सूर्य तांबडा होऊन टेकडीवर आला तेव्हा आमची पाळी आली. हिरव्या पिकअपचं स्टिअरिंग माझ्या हातात, शेजारी वेंडेल, पट्टा आवळून, देवाचं नाव घेत असल्यासारखा. मी फळी टेकवली. रॉयसला कळलंही नसेल कधी टेकली. मग वेग. तीस. पस्तीस. समोर त्याचं हेल्मेट, आणि अचानक हात वर आला. डावा.

पहिला खोकला आला, मी रेटत राहिले. दुसरा आला. वेंडेल ओरडला, "ओलेटाबाई!" मी म्हटलं, "गप." तिसऱ्याला ती पेटली, आठही नळ्यांतून ज्वाळा, आणि नायट्रो इंधनाचा तो वास आला जो डोळ्यांतून पाणी काढतो, म्हणून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी मागे सरले आणि खेचर लाथा झाडत पुढं गेलं.

पट्टीच्या टोकाला इंजिन थंड होत होतं. रॉयसनं हेल्मेट काढलं. तोंड काजळीनं माखलेलं, फक्त डोळ्यांभोवती गोरं. तो माझ्या खिडकीशी येऊन वाकला.

"मग, आई? आहे का तशीच?"

मी घाई केली नाही. गाडी पुढून मागून बघितली, दांडा बघितला, पिवळट अक्षरं बघितली.

"गाडी बापावर गेलीय, रॉयस," मी म्हटलं. "पण विचारायला तू चार वर्षं लावलीस आणि सांगायला मीही तेवढीच लावली, त्यावरून तू कुणावर गेलायस ते सगळ्या फॅमोसोला कळलं. आता तोंड धू, आणि पुढच्या वर्षी बैठकीखालची घोंगडी विसरू नकोस."