माळ्यावरची नाताळची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. वर्षातले अकरा महिने मी भरलेली असते आणि अंधारात असते. उरलेला एक महिना मी उजेडात असते, पण रिकामी. नाताळच्या झाडावरची सजावट सांभाळणे हे माझे काम. झाड सजले की सगळे झाडाकडे बघतात, पेटीकडे कोणी बघत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर ग्रोशेर नावाचे एक छोटे बेट आहे. तिथे होड्या बांधणाऱ्या अल्गोतने मला घडवले. त्याचे आणि हिलेवीचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. पहिला नाताळ झाल्यावर हिलेवीने सजावट कागदी पिशवीत भरून सरपणाच्या खोपटात ठेवली होती. पुढच्या डिसेंबरात पिशवी उघडली, तर झाडाखाली मांडायचे पेंढ्याचे बोकड उंदरांनी कुरतडलेले आणि काचेचा एक गोळा फुटलेला. हिलेवी चुलीपाशी बसून रडू लागली.

"अगं, बोकडच गेले ना? दुसरे बांधू," अल्गोत म्हणाला.

"बोकडांचं कोण बोलतंय? गोळा आजीचा होता."

अल्गोत उठून आपल्या कामाच्या जागी गेला. एका होडीच्या कामातून उरलेल्या फळ्या त्याच्याकडे पडून होत्या. त्यांतून त्याने मला बनवले. होडीत पाणी शिरू नये म्हणून सांधे जसे घट्ट बसवतात, तसेच त्याने माझे बसवले. तळाशी एक खोल कप्पा केला आणि त्यावर उचलून काढता येतील असे खण.

मला भरावे ते हिलेवीनेच. मेणबत्त्यांचे पत्र्याचे चिमटे आणि लाकडी घोडे तळाला. कागदी निशाणांची माळ पुठ्ठ्याला गुंडाळलेली, म्हणजे गुंता होत नाही. पेंढ्याचे बोकड मधल्या खणात आणि काचेचे गोळे सर्वांत वर, वर्तमानपत्रात लपेटलेले. जानेवारीत क्नूतच्या दिवशी, म्हणजे नाताळ संपवून झाड काढायच्या दिवशी, शेजारपाजारची मुले येत, झाडाभोवती शेवटचा फेर धरत, झाडावरचा खाऊ वाटून घेत आणि झाड दाराबाहेर ढकलून देत. मग घर शांत होई आणि माझी वेळ येई. शेजारची गुल्लान दारात उभी राहून म्हणायची, "बाई, बाई! तुझ्या घरी बोकडांनासुद्धा स्वतंत्र खोली! माझी माळ सोडवता सोडवता ईस्टर उजाडतो."

अशी चांगली वर्षे गेली. घरात रुनार आला, बऱ्याच वर्षांनी त्याच्यामागून ट्यूरा आली. रुनार उंच झाला, झाडाच्या शेंड्यावरचा तारा स्टुलाशिवाय लावू लागला. एका जानेवारीत हिलेवी तापाने अंथरुणाला खिळली होती. त्या वर्षीची आवराआवर दोघा भावंडांनी मिळून केली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात रुनार मासेमारीच्या होडीवर गेला. वादळ झाले. होडी दुसऱ्या बेटाच्या खडकांवर सापडली. रुनार सापडला नाही.

माळ्यावर मला फक्त आवाज ऐकू येत. पावले, दार, आणि दिवसेंदिवस कोणाचेच काही न बोलणे. पहिल्याच आठवड्यात हिलेवीने रुनारचे सगळे कपडे पोत्यात भरून खलाशांच्या चर्चला देऊन टाकले. डोळ्यांसमोर नकोत, म्हणाली. पुढे वसंतात ती ते परत मागायला गेली. कपडे केव्हाच वाटून झाले होते. ती रिकाम्या हातांनी घरी आली.

त्यानंतर मला खाली नेले नाही. डिसेंबर आला की ट्यूराचा आवाज जिन्यातून वर येई.

"गुल्लानमावशीकडे झाड आणलंय. आपल्याकडे का नाही?"

"आपल्याकडे नाही म्हणजे नाही."

"बाबा, तुम्ही तरी सांगा ना!"

अल्गोत दार ओढून बाहेर निघून जाई. काही हिवाळ्यांनी ट्यूराने विचारणेच सोडले. मित्रांनो, उंदरांपासून वाचण्यासाठी मला बनवले होते. विसरले जाण्यापासून कसे वाचायचे, ते माझ्या सुताराला तरी कुठे ठाऊक होते?

मग एका वसंतात वादळाने छपराचे एक कौल सरकले. पाणी थेंब थेंब माझ्या झाकणावर पडू लागले. लाकूड फुगले, कडा काळ्या पडल्या. जूनमध्ये, मिडसमर या उन्हाळी सणाच्या आदल्या दिवशी, छताला ओल दिसली म्हणून अल्गोत माळ्यावर चढला. त्याने माझ्यावरून हात फिरवला, तो ओला झाला. मला खांद्यावर घेऊन तो अंगणात आला आणि एकेक वस्तू काढून गवतावर उन्हात मांडू लागला. ट्यूरा पायरीवर बसून बघत होती.

कुंपणापलीकडून गुल्लान ओरडली, "काय रे अल्गोत, जूनमध्ये नाताळ? कॅलेंडर उलटं टांगलंस की काय?"

तेवढ्यात हिलेवी दुकानातून बटाटे आणि हेरिंग मासे घेऊन परतली. गुल्लान मुकाट्याने आत गेली.

"हे कोणी सांगितलं होतं तुला?" हिलेवीने विचारले.

"छप्पर गळतंय. सगळं भिजलंय."

"परत वर ठेव."

"ओलं तसंच ठेवलं तर कुजेल, हिलेवी."

"कुजू दे! नाहीतर दे समुद्रात फेकून. त्याने काय काय नेलंय, हेही नेऊ दे!"

अल्गोतच्या हातात माझ्या वरच्या खणातला एक गोळा होता. तो वर्तमानपत्रात नव्हता. करड्या लोकरीच्या मोज्यात होता. हिलेवीची नजर त्या मोज्याच्या टाचेवर गेली. टाच तपकिरी होती. करडी लोकर संपली म्हणून तिनेच ती तशी विणली होती.

हातातली पिशवी खाली पडली. बटाटे गवतावर घरंगळले.

"हा... हा कुठे होता?"

ट्यूरा पायरीवरून उठली. "कागद संपले होते, आई. तुला ताप होता ना, तेव्हा. दादाने स्वतःच्या कपाटातले मोजे आणले. मी म्हटलं, आई ओरडेल. तर म्हणाला, पुढच्या नाताळापर्यंत तिला कळणारच नाही."

हिलेवी गवतावर बसली. तिने मोजा गोळ्यावरून हळूच उतरवला आणि तोंडाशी धरला.

"ओरडले असते," शेवटी ती म्हणाली. "चांगली ओरडले असते." मग तिने माझ्या खणात हात घातला. दुसरा मोजा निघाला, तिसरा निघाला. "एवढेच? अजून का नाही रे गुंडाळलेस, वेड्या? सगळेच का नाही गुंडाळलेस?"

त्या घरात कितीतरी वर्षांनी रुनारशी कोणीतरी बोलले होते. अल्गोतने तोंड फिरवले आणि तो बटाटे वेचू लागला.

त्या हिवाळ्यातही झाड आले नाही. गोष्टी एवढ्या झटपट बदलत नसतात. पण अल्गोतने मला पुन्हा माळ्यावर नेले नाही, जिन्याशेजारच्या कोरड्या फळीवर ठेवले. त्याच्या पुढच्या डिसेंबरात हिलेवी म्हणाली, "आणायचं तर आण, पण छोटं आण." अल्गोतने आणलेले झाड छताला टेकत होते. तिने मला पुढे ओढून झाकण उघडले.

मित्रांनो, सण आला की घरे सजवायला पुष्कळ हात पुढे येतात. सण सरला की आवरायला मात्र कोणी नसते. तेव्हा तुम्ही थांबा. ओल असेल तिथे आम्हां पेट्यांना ठेवू नका, अधूनमधून झाकण उघडून वारा लागू द्या. आणि दुःखाने आमच्याकडे पाठ फिरवावीशी वाटली, तर फिरवा, पण कायमची फिरवू नका.

त्या जानेवारीत क्नूतच्या दिवशी मायलेकी माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या. ट्यूरा माळेला सुतळी गच्च आवळून गाठीवर गाठ मारत होती. हिलेवीने तिच्या हातावर हात ठेवला.

"इतकं घट्ट नको बांधूस, बाळ. कोणाला तरी ते सोडवायचं असतं."