सगळ्यात लहान माप

नोकरी सुटल्यापासून आमच्या घरात एक संशोधक बसतात. म्हणजे माझा नवरा. जेवणाच्या टेबलावर त्यांची प्रयोगशाळा. मी ताटं मांडायला गेले की म्हणणार, "थांब गं, आत्ता काहीतरी हाताला लागतंय." हाताला लागायचं काय, तर कीवर्ड. एक सॉफ्टवेअर आहे, त्यात शब्द टाकायचा. मग ते सांगतं, नेटवर किती लोक ही वस्तू शोधतात आणि किती जण ती विकतात. शोधणारे बरेच आणि विकणारे कमी असले की समोर हिरवा ठिपका. हिरवा ठिपका म्हणजे रान मोकळं, घुसा!

घुसून झालं होतं. मांजरांचे रेनकोट झाले, डावखुऱ्यांच्या कात्र्या झाल्या. त्या कात्र्या आता मी वापरते आणि उजव्या हातात एकही धड चालत नाही. घर चालत होतं माझ्या शिवणावर. आतल्या खोलीत खिडकीपाशी मशीन आहे, लहान मुलांचे कपडे शिवते.

एका दुपारी संशोधक आपणहून माझ्या खोलीत आले. लॅपटॉप कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवला.

"बाळाचे कपडे टाकून बघितलं. तिथे मुंगीला शिरायला जागा नाही. मग बारीक बारीक करत खाली गेलो. हे बघ. एक किलोपेक्षा लहान बाळाचा झगा. लोक शोधतायत आणि विकायला कुणी नाही. शिवशील?"

माझा पाय मशीनवर तसाच राहिला. आमची मुलगी तेवढीच होती. फार लवकर आली आणि रडलीसुद्धा नाही. तिच्या अंगाला बसेल असं कुठल्या दुकानात काही मिळेना. बाहुलीचा झगा आणा, असं नर्सनं सुचवलं. शेवटी हॉस्पिटलच्या टॉवेलात गुंडाळून नेली तिला. हे तेव्हा बाहेर फोनवर बोलत होते, आत आलेच नाहीत. पुढे घरात तो विषय कधी निघाला नाही. मी काढला, तर हे उठून नळ गळतोय का ते बघायला जायचे.

आणि आज हा माणूस आपल्या तोंडानं मला तिचं माप सांगत होता. मला वाटलं, सरळ बोलता येत नाही बिचाऱ्याला, म्हणून असा वळसा घालून आलाय. जीव भरून आला माझा. म्हटलं, "शिवीन."

मन लावून शिवलं. झगा मागून सबंध उघडा ठेवायचा आणि नुसत्या बंदांनी बांधायचा, कारण ते अंग फार हलवता येत नाही. आतली शिवण मऊ पट्टीखाली लपवायची, जरी टोचून रडणारं कुणी नसलं तरी. कपडा एवढासा, पण एकेकाला अर्धा दिवस जायचा. हे बाजूला उभे राहून बघायचे. एकदा तर पाठीवरून हात फिरवला, "सुंदर जमतंय," म्हणाले. कितीतरी दिवसांनी आम्ही समोरासमोर बसून जेवायला लागलो.

ऑर्डरी येऊ लागल्या. दुकानाचं पान आणि पत्ते हे बघायचे. पार्सलं मी बांधायचे आणि त्यावर फोन नंबरही माझाच. कुणी दोन ओळी लिहायचं, कुणी काहीच नाही. एका आजोबांनी फक्त "वेळेवर पोचलं" एवढंच कळवलं. मी ते यांना वाचून दाखवलं, तर यांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, गहिवरले.

गहिवरतायत डोंबलाचे!

परवा सकाळी फोन आला. बाईचा आवाज, अगदी शांत.

"कपडे शिवता त्या तुम्हीच ना? तुमचा मेसेज आलाय मला. वाचून दाखवते. 'अभिनंदन! तीन महिने झाले, तुमचं पिल्लू आता छान मोठं झालं असेल! पुढच्या मापावर खास सूट.'"

"अहो ताई, हे मी नाही..."

"तुम्हाला मूल आहे?"

मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना.

"वाटलंच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी तशीच तडक बाहेर गेले. "गिऱ्हाइकांना मेसेज कोण पाठवतं?"

"आपोआप जातो. मी लावून ठेवलाय," हे मान वर न करता म्हणाले. "एकदा आलेलं गिऱ्हाईक सोडायचं नसतं. बाळ वाढतं, तशी मापं वाढवत न्यायची. का गं, घेतलं का कुणी?"

"अहो, हे झगे लोक कुणासाठी घेतात?"

"कमी दिवसांच्या बाळांसाठी. काचेत ठेवतात ना, ती."

"एवढ्याशा बाळाला काचेत उघडंच ठेवतात. अंगभर नळ्या असतात त्याच्या. झगा घालतात तो नळ्या काढल्यावर. घरी न्यायच्या आधी नाही, पुरायच्या आधी."

आता त्यांनी वर बघितलं. चेहऱ्याचा रंग हळूहळू उतरत गेला. म्हणजे या माणसाला माहीतच नव्हतं! कसला वळसा आणि कसली आठवण, सगळे माझ्याच मनाचे खेळ. त्यांना दिसला होता तो फक्त हिरवा ठिपका. मला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझा.

"चुकलंच गं," ते म्हणाले. त्यांनी मेसेज बंद केला, दोनदा तपासून बघितलं. मग माझ्याकडे वळून अगदी मनापासून विचारलं, "पण हे सगळं तुला कसं माहीत?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आत्ता आठवेल, मग आठवेल. ते उत्तराची वाट बघत होते.

मी आत आले. एक झगा मशीनवर अर्धवट होता आणि तो त्याच दिवशी जायला हवा होता. कुणाला तरी तो वेळेवर मिळायला हवा होता. दार लावून घेतलं आणि शिवायला बसले.