वायरींचे रंग

पिंपळगाव रेणुकाईच्या भारतनं पुण्याहून एक जुनी, सोळाशे सीसीची पिवळी गाडी आणली होती. पळायला वाघ. पण एका दुपारी भोकरदनच्या रस्त्यावर कपाशीच्या ट्रकला ओव्हरटेक करताना ती मधेच बंद पडली. समोरून एसटी आली. ड्रायव्हरनं एसटी मातीत उतरवली म्हणून भारत आणि शेजारी बसलेली त्याची बायको शालू वाचली.

"आता मी हिच्यात बसायची न्हाई," घरी आल्यावर शालू म्हणाली. "आन् तुम्हालाबी बसू द्यायची न्हाई."

भारतनं बॉनेट उघडलं. इंजिन धडधाकट होतं, वायरिंगचा मात्र भुगा झाला होता. वायरीवरचं प्लॅस्टिक बोट लागताच पापडासारखं तुटायचं. आधीच्या मालकानं टेपवर टेप गुंडाळून वेळ मारून नेली होती. भारतचं ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं, हत्यारं हाताशी होती. त्यानं सगळं वायरिंग नवं घालायला घेतलं.

पण जोडलं की फ्यूज उडायचा. सोडवून पुन्हा जोडलं की पुन्हा उडायचा. भोकरदनचा ऑटो इलेक्ट्रिशियन गोरक्षनाथ "येऊ का?" म्हणून फोन करायचा, तर भारत "झालंच बघ" म्हणून टाळायचा. जेवताना तो बोलेनासा झाला.

शेवटी रविवारी सकाळी शालू चहा घेऊन शेडमध्ये गेली. भारत हातातली वायर दाराकडं धरून बघत होता.

"हिचा रंग कोणता गं? उजेड कमी हाय इथं."

ऊन तर पार सीटवर आलं होतं.

"तपकिरी."

"आन् हिचा?"

"हिरवा. अवो, पण या दोघी तर तुम्ही एकमेकीला जोडून राह्यले!"

भारतनं पक्कड खाली ठेवली.

"मला दोन्ही सारख्याच दिसतेत. लाल-हिरव्याचंबी तसंच. लहानपणापासून." तो तिच्याकडं न बघता बोलत राहिला. "मिलिट्रीच्या भरतीत पळण्यात पहिला आल्तो. मंग मेडिकलला ठिपक्यांची चित्रं दाखवली. त्यातला एकबी आकडा मला दिसला न्हाई. घरी सांगितलं, छाती कमी भरली."

शालू स्टुलावर बसली. "मी नवी साडी नेसले की 'चांगली हाय' एवढंच म्हणता. मला वाटायचं, तुम्ही बघतच न्हाई माझ्याकडं."

"बघतो की. रंग सोडून समदं बघतो."

तिला हसू फुटलं. मग त्यालाही.

त्यानंतर काम सरळ झालं. शालू रंग सांगायची, पांढऱ्या पट्टीवर 'पंप', 'हॉर्न', 'दिवा' असं लिहून वायरीला चिकटवायची, भारत जोडायचा. त्यानं स्वतःच गोरक्षनाथला बोलावलं आणि खरं काय ते सांगितलं.

"माझा चुलताबी असाच हाय, मर्दा," गोरक्षनाथ म्हणाला. "मला आधी सांगायचं ना!" त्यानं मीटर लावून एकेक जोड तपासला. "बराबर हाय."

भारतचे वडील तातेराव शेडच्या दारात येऊन उभे होते. भारतनं त्यांनाही सांगून टाकलं.

"म्हणजे छाती भरली होती?"

"भरली होती, बाबा."

"मी म्हणायचो, पोराला दूध कमी पडलं आपल्या घरात. लय वर्षं मनाला खाऊन राह्यलं होतं ते." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "बरं झालं पोरा, सांगितलंस ते."

भारतनं चावी फिरवली. गाडी गुरगुरली आणि चालूच राहिली. फ्यूज उडाला नाही.

शालू पुढचं दार उघडून आत बसली. केदारखेड्याच्या रस्त्यावर पुढं एक ट्रॅक्टर होता. समोरचा रस्ता लांबवर मोकळा होता. शालूनं सीटची कड पकडली, भारतनं ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. गाडी एका दमात ट्रॅक्टर मागं टाकून गेली. दोघांनीही एकदमच श्वास सोडला.

"अजून थोडं पुढं जाऊ," शालू म्हणाली आणि तिनं काच खाली केली.